फ्रेडोला नुसता ‘घरभेदी’ म्हणून मोकळे होऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुन्हेगारी घराण्यांवरच्या चित्रपटांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख आवडला, पण ‘द गॉडफादर’मधल्या फ्रेडो कोर्लिओनेला त्यात ‘घरभेदी आणि मूर्ख’ एवढ्यावरच निकालात काढले आहे. ते पटले नाही, म्हणून हे पत्र.

फ्रेडो हा कोर्लिओने या गुन्हेगारी घराण्याचा प्रमुख व्हिटो याचा मधला मुलगा. १९७२च्या पहिल्या भागात वडिलांवर भर रस्त्यात गोळ्या झाडल्या जातात, तेव्हा त्याच्या हातून पिस्तूल निसटते आणि तो तिथेच बसून रडू लागतो. घराने त्याला त्या दिवसावरूनच कायमचे जोखले. थोरला सनी मारला गेल्यावर पाळी खरे तर फ्रेडोची होती. कारभार गेला धाकट्या मायकेलकडे.

पण फ्रेडोला खुपते ते निव्वळ कारभार हुकल्याचे नाही. १९७४च्या दुसऱ्या भागात, तळ्याकाठच्या घरात, आरामखुर्चीत जवळजवळ आडवा पडून तो मनातले सगळे ओकतो. मी थोरला, मला डावलले, हे तर तो म्हणतोच. त्याहून जास्त झोंबते ते पुढचे: धाकट्या भावाने माझी सोय लावायची, आणि मला काम काय, तर विमानतळावरून कुणाला तरी घेऊन यायचे! पैसा, घर, हॉटेल यांतले काहीच त्याला कमी नाही. त्याला कुणी काही विचारत नाही. मायकेलचा वैरी हायमन रॉथ याची माणसे त्याला कामाचा माणूस समजून बोलली, यातच तो फसला आणि भावाविरुद्ध त्यांना मदत करून बसला.

त्याचा अपराध लहान नाही. मायकेलच्या शयनगृहावर गोळीबार झाला तेव्हा मायकेलची बायकोही त्या खोलीत होती. मात्र हल्ला होणार हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे फ्रेडो शपथेवर सांगतो आणि चित्रपट त्याला कुठेही खोटे पाडत नाही.

हवानातला एक प्रसंग लोक विसरतात. दोघे भाऊ दारू पीत बसलेत. तू माझा नाहीसच, तुला जिप्सींनी दारात टाकले होते, असे आई आपल्याला चिडवायची, हे फ्रेडो सांगतो. आणि कधी कधी ते खरेच वाटते, असेही म्हणतो. आपल्याकडे ‘तुला बोहारणीकडून घेतलंय’ म्हणतात, तसेच हे. बाकीची मुले ते हसून विसरतात. याच बैठकीत तो मायकेलला विचारतो, आपण आधी कधी असे बसलो का नाही? मला ही साऱ्या चित्रपटातली सर्वांत दुःखी ओळ वाटते. नंतर त्याच शहरात, दारूच्या भरात, रॉथच्या माणसांशी असलेल्या संबंधाचे सत्य त्याच्याच तोंडून बाहेर पडते.

आता मायकेलकडे पाहा. आई जिवंत आहे तोवर फ्रेडोला काही होऊ द्यायचे नाही, असा त्याचा हुकूम असतो. आई जाते. तिच्या शवपेटीजवळ तो फ्रेडोला मिठी मारतो आणि मिठीतूनच आपल्या मारेकऱ्याकडे पाहतो. तोवर फ्रेडोपासून कुणालाच धोका उरलेला नसतो. पुतण्याला मासे धरायला शिकवण्यात त्याचा वेळ जातो. तरी मायकेल त्याला मारवतो. ही हत्या धंद्याची गरज नव्हती. मग विश्वासघातकी कोण, हे लेखात विचारायला हवे होते. दुसऱ्या भागाच्या शेवटी येणाऱ्या १९४१ सालच्या आठवणीत मायकेल सैन्यात भरती झाल्याचे सांगतो, तेव्हा सनी भडकतो आणि त्याचे अभिनंदन करायला हात पुढे करतो तो एकटा फ्रेडो!

लेखात ‘सरकार’चा (२००५) उल्लेख आहे. तिथे घर मराठी, मुंबईतले. पण थोरल्या विष्णूला खुनशी करून टाकल्यामुळे धाकट्याने त्याला मारले तरी प्रेक्षकाला फारसे लागत नाही. के. के. मेनन यांनी काम जीव ओतून केले, तरी थोरल्या भावाची सल पटकथेने बाजूलाच ठेवली, असे मला वाटते.

एक विनंती. फ्रेडो साकारणाऱ्या जॉन कझाल यांच्यावर स्वतंत्र लेख छापावा. १९७८ साली कर्करोगाने गेलेल्या या नटाने पूर्ण लांबीचे पाचच चित्रपट केले आणि पाचही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकित झाले. ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागातल्या तिघांना सहायक अभिनेत्याचे नामांकन मिळाले. कझाल त्यांत नव्हते, पुढेही कधी आले नाहीत.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, सातारा