यादीतलं शेवटचं लक्षण

तीर्थस्वरूप अण्णा,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि समोर आलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नातीकडून मोठ्यानं वाचून घ्या.

26व्या वर्षी मी तुमच्यासमोर, म्हणजे आमच्या नाटकाच्या रंगभूषाकारासमोर, रंगायला पहिल्यांदा बसलो तो तोंड घट्ट मिटून. कारण दात. शाळेत त्यावरून पडलेली नावं इथं लिहीत नाही, अजून दोघे-तिघे तीच वापरतात. कुणी हसायच्या आत आपणच हसवून मोकळं व्हायचं, हे मी तिथं शिकलो. विनोदी नट म्हणजे जन्मजात हजरजबाबी असं लोकांना वाटतं. माझ्या बाबतीत ती नुसती घाई होती.

चेहऱ्याला पॅनकेकचा रंग लावता लावता तुम्ही म्हणालात, "तोंड उघड की लेका, कडेला रंग कसा जाणार?" मी काही उघडेना. तेव्हा तुम्ही शाळेतल्या मास्तरांकडून पाठ केलेला नाट्यशास्त्रातला श्लोक म्हटलात, 'वामनो दन्तुरः कुब्जो...' विदूषक कसा निवडावा, तर बुटका, दात पुढे आलेला, पोक काढलेला, वेड्यावाकड्या तोंडाचा, टकल्या आणि पिंगट डोळ्यांचा. "भरतमुनीनं तुझी जाहिरात देऊन ठेवलीय आणि तू तोंड झाकून बसलायस!" मी फिस्सकन हसलो. तुम्ही तेवढ्यात कडेला रंग लावून घेतलात.

त्या नाटकात मी सत्तरीचा सासरा होतो. तुम्ही मला जोरात हसायला लावलंत, 'तसंच धर' म्हणालात आणि जिथं जिथं घडी पडली तिथंच तपकिरी पेन्सिलीनं रेघ ओढलीत. आठ्यांवरून काढलेला म्हातारा रडका दिसतो म्हणे. वर पांढरा टोप, स्पिरिट गमनं चिकटवलेली मिशी. प्रयोग संपला की खोबरेल तेलानं सगळं पुसायचं आणि पुन्हा 26 वर्षांचा होऊन बसमध्ये खिडकी पकडायची.

हशा मोजायची माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या अंकात किती, दुसऱ्यात किती, कालच्यापेक्षा कमी का. बाल्कनीतला हशा खालच्यापेक्षा किंचित उशिरा येतो, तो वेगळा धरायचो. एवढं करून विंगेत पाहावं तर तुम्ही ढिम्म! बावीस वर्षांत माझ्या एकाही वाक्याला तुम्ही हसला नाहीत. एकदा रात्रीच्या बसमध्ये तुमचा रमीचा डाव थांबवून विचारलं, ते फोनचं वाक्य आज पडलं कसं? पत्त्यांवरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "वाक्य टाकलंस की तू खाली बघतोस, हसले का म्हणून. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं टक लावून बसलेल्या माणसाचा वडा कुणाला गोड लागेल?" दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य सुनेकडं बघून टाकलं आणि तिच्याकडंच बघत राहिलो. हशा आला. तो ओसरू लागेपर्यंत थांबायचं असतं हेही तेव्हाच कळलं, कारण तोवर मी स्वतःच्याच हशावर पुढचं वाक्य सांडत होतो. (त्या रात्री तुम्ही पत्ते लपवले होते. मी पाहिलं होतं.)

गेल्या वर्षी तेच नाटक पुन्हा उभं राहिलं आणि मला तोच सासरा आला. मी पंधरा दिवस निर्मात्यांचा फोन उचलला नाही. मी 58 वर्षांचा, उरल्यासुरल्या केसांना कलप, गुडघ्याला पट्टा. पूर्वी टोप उतरवला की म्हातारपणातून सुटका व्हायची. आता उतरवायला काही उरलं नव्हतं. घरी सांगितलं, भूमिका लहान आहे. खोटं. भूमिका तेवढीच होती.

मग मिरजेला तुमच्याकडं आलो. तुम्हाला आता नीट दिसत नाही, म्हणून तुम्ही बोटांनी माझा चेहरा चाचपलात, डोळ्यांच्या कडा, गालांच्या घड्या. बराच वेळ. "रेघा कुणी काढल्या रे?"
"तुम्हीच की, अण्णा."
"मग बरोबर आहेत."
आणि चहा मागवलात. एवढंच. मी स्टँडवर येऊन निर्मात्यांना फोन लावला.

आता टोप नाही, मिशी माझीच, कलप बंद. मेकअप दहा मिनिटांत होतो. नवा पोरगा विचारतो, सर, रेघा काढू? त्याला तुमची गोष्ट सांगतो. तो ऐकतो, पण मोबाइल बघत.

तुम्हीच सांगायचात, 1843 साली तुमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या नाटकाचा खेळ झाला, त्या खेळांत सूत्रधाराच्या मंगलाचरणामागून विदूषक यायचा आणि गणपती-सरस्वती त्याच्यानंतर. "देवांच्या आधी तुझा नंबर, आणि तुला नायकाचं काम पाहिजे!" तेव्हा राग आला होता. मला खरंच नायकाचं काम पाहिजे होतं.

भरतमुनींच्या यादीचा हिशोब कळवून ठेवतो. उंची आणि दात मी घेऊनच आलो होतो. वेडंवाकडं तोंड तुम्ही करून घेतलंत. टक्कल 45व्या वर्षी पूर्ण झालं, पोक गेल्या दोन वर्षांत धरतंय. पिंगट डोळे तेवढे राहिलेत. मोतीबिंदूवर भरवसा ठेवून आहे.

सांगलीला प्रयोग लागला की गाडी पाठवतो. पहिल्या रांगेत नको, तुमची खुर्ची विंगेतच ठेवतो. आणि अण्णा, कृपा करून हसू नका. मला सवय नाही.

तुमचा,
दात पुढं असलेला