निवड समिती नसलेला उत्सव

॥ श्री ॥

एडिनबरा,
ऑगस्टअखेर

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. नौपाड्यातील कट्ट्यावरच्या मंडळींनी येत्या हिवाळ्यात ठाण्यात चार दिवसांचा छोटा कलामहोत्सव करायचे मनावर घेतले आहे, त्याला जोडून जुन्या ठाण्याची एक पायी फेरी आणि एखादा परिसंवाद ठेवायचा विचार आहे, हे वाचून फार आनंद झाला. "तुझ्या गावात हेच मोठ्या प्रमाणावर चालते, तेव्हा तिथली रीत सविस्तर कळव," अशी तुमची आज्ञा आहे, म्हणून इथला फ्रिंज महोत्सव आटोपता आटोपता लिहायला बसले आहे.

आधी मूळ गोष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यातच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील कलाजीवन पुन्हा उभे राहावे या हेतूने 1947 साली एडिनबरा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. त्यात कोणाला बोलवायचे हे अर्थातच आयोजक ठरवीत होते. बोलावणे नसलेल्या आठ नाटक मंडळ्या त्या वर्षी आपणहून आल्या, मिळेल ती जागा त्यांनी घेतली आणि प्रयोग लावले. त्यांपैकी एकीचा प्रयोग तर फोर्थच्या खाडीपलीकडे डनफर्मलिनच्या जुन्या मठात झाला. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने अधिकृत महोत्सवाच्या काठावर चाललेल्या या खटाटोपाचा उल्लेख वृत्तपत्रात केला आणि तेव्हापासून फ्रिंज, म्हणजे काठ, हेच नाव रूढ झाले. 1958 साली या कलावंतांची एक सोसायटी स्थापन झाली, परंतु तिने एक पथ्य आजवर कसोशीने पाळले आहे: कोणाचा प्रयोग चांगला आणि कोणाचा वाईट, हे सोसायटी ठरवीत नाही. जागा मिळवा, नोंदणीचे शुल्क भरा, की कार्यक्रमपत्रिकेत तुमचे नाव छापले जाते. 2019 साली अशा कार्यक्रमांची संख्या 3800 च्या वर गेली होती आणि तिकिटांनी 30 लाखांचा आकडा ओलांडला होता.

आता तुमच्या पत्रातील जे एक वाक्य मला खटकले, ते सांगून टाकते. संहिता मागवून त्या तिघांच्या निवड समितीपुढे ठेवायच्या, असे तुम्ही लिहिले आहे. काका, आपल्याकडे संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागतेच; त्यावर आणखी एक चाळणी कशाला? शिवाय समितीवर येणारी माणसे कितीही जाणकार असली, तरी त्यांना जे आधीपासून आवडते तेच त्या चाळणीतून खाली उतरणार. दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने जे प्रयोग केले, ते पाहून शेवटच्या लोकलने ठाण्याला परतत असल्याच्या गोष्टी तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगितल्या आहेत. त्या सभागृहात जे घडले ते व्यावसायिक नाटकाच्या निर्मात्यांच्या समितीपुढे आधी ठेवले असते, तर त्यातले किती शिल्लक राहिले असते?

अर्थात निवड नाही म्हणजे वाईट प्रयोगही आलेच, आणि इथे ते मुबलक असतात. विद्यापीठाच्या एका व्याख्यानाच्या खोलीत मी असे एक एकपात्री पाहिले, की त्याचा कर्ता स्वतःच मध्येच आपले संवाद विसरला आणि खिशातून कागद काढून वाचू लागला. पन्नास मिनिटांत ते संपले, हीच त्याची जमेची बाजू. तथापि ही पन्नास मिनिटांची मर्यादा फार उपयोगी आहे. पबवरच्या माळ्यावर, चर्चच्या सभागृहात, पुलाखालच्या तळघरात, जिथे म्हणून चाळीस खुर्च्या मांडता येतात तिथे सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एकामागून एक प्रयोग होतात. एक पंगत उठते न उठते तोच दुसरीची पाने मांडावीत तसे, पंधरा मिनिटांत एका मंडळीचे सामान बाहेर आणि दुसरीचे आत. त्यामुळे नेपथ्य म्हणजे बहुधा एक खुर्ची, एक ट्रंक आणि दोन दिवे. तीन अंकी नाटकाचा सेट लावायचा हट्ट सोडला, तर ठाण्यातील शाळांची सभागृहे, वाचनालयाची खोली, एखाद्या मंगल कार्यालयाचा छोटा हॉल, एवढ्यावर तुमचे चार दिवस सहज निघतील आणि मोठ्या नाट्यगृहाची तारीख मिळवण्यासाठी कोणाच्या पाया पडावे लागणार नाही.

पैशाची बाजू मात्र इथे अवघड झाली आहे, आणि ती लपवून ठेवून तुम्हाला भरीला घालणे बरे नव्हे. दार सगळ्यांना उघडे असले, तरी त्या दारापर्यंत पोहोचण्याचा खर्च सगळ्यांना परवडत नाही. ऑगस्टमध्ये या शहरातील खोल्यांची भाडी इतकी चढतात, की तीन-साडेतीन आठवडे इथे राहून प्रयोग करणारा नवखा कलावंत बहुतेक वेळा तोटा सोसूनच घरी जातो. म्हणजे निवड समिती नाही खरी, पण निवड होतेच आणि ती घरमालक करतो. यावर एक उतारा म्हणून पीटर बकली हिल या विनोदी कलावंताने 1996 साली तिकीट न लावता प्रयोग करण्याची प्रथा सुरू केली. जागेचे भाडे नाही, प्रेक्षकाला प्रवेशमूल्य नाही. प्रयोग संपला की कलावंत स्वतः बादली घेऊन दाराशी उभा राहतो आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण आपल्या खुशीने तीत पैसे टाकतो. अलीकडे बादलीशेजारी कार्ड टेकवायचे छोटे यंत्रही असते. आपल्याकडे तमाशात, कीर्तनात, डोंबाऱ्याच्या खेळात हे कधीपासून चालत आले आहे, तेव्हा ठाणेकरांना त्यात नवल वाटायचे कारण नाही. क्यूआर कोडचा कागद चिकटवलेली आरतीची थाळी फिरवली तरी चालेल.

रॉयल माईल या मुख्य रस्त्यावर या दिवसांत चालणे म्हणजे गणपतीच्या दिवसांत जांभळी नाक्यावरून वाट काढणे. दर चार पावलांवर कोणी तरी हातात पत्रक कोंबतो. भिंतींवरच्या जाहिरातींवर, वर्तमानपत्रात परीक्षण आले की त्याच रात्री, "चार तारे", "पाच तारे" असे छापील पट्टे चिकटवले जातात. एका मुलीला मी पावसात छत्री मानेत धरून जाहिरातीतल्या स्वतःच्याच चेहऱ्यावर असा पट्टा चिकटवताना पाहिले. नट, दिग्दर्शक आणि हमाल, सगळे तीच.

आता पायी फेरीविषयी. तुम्ही विचारले आहे त्यातला हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. जुन्या शहरातील फेऱ्या पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या निम्म्या भुताखेतांच्या आहेत, त्या सोडून द्या. मला आवडलेली फेरी जेम्स कोर्ट नावाच्या एका वाड्यावरून गेली. 1886 साली पॅट्रिक गेडीस आणि त्यांची पत्नी ॲना हे दोघे तिथल्या गलिच्छ वस्तीत मुद्दाम राहायला गेले. गेडीस हे नाव तुम्हाला नवे नसावे: 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक, आणि समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी. जुनी वस्ती पाडून सरळ रस्ते काढण्यापेक्षा आधी प्रत्येक गल्ली पायांखाली घालावी, राहणाऱ्यांना विचारावे, एखादे पडके घर काढून तिथे उजेड-वारा आणि बाग आणावी, बाकीचे राहू द्यावे, अशी त्यांची शिकवण होती. पलीकडेच रिडल्स कोर्टच्या कमानीवर त्यांनी लॅटिनमध्ये कोरून घेतलेली ओळ अजून आहे: जगता जगता आपण शिकतो. गंमत अशी, की याच जेम्स कोर्टमध्ये 1963 साली ट्रॅव्हर्स हे छोटे नाट्यगृह निघाले, जेमतेम साठेक खुर्च्यांचे. त्या काळी इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातील अधिकाऱ्याकडून संमत करून घ्यावी लागे आणि ही सक्ती 1968 पर्यंत होती. ती टाळण्यासाठी ट्रॅव्हर्सने स्वतःला खाजगी क्लब म्हणवून घेतले आणि प्रेक्षकांना सभासद केले.

दुसरी फेरी एका अशा माणसाने नेली, जो काही वर्षे याच रस्त्यांवर बेघर म्हणून राहिला होता. पूर्वी बेघर असलेल्यांना गाइड म्हणून तयार करण्याचे काम इथे होते. त्याने राजवाडे, पुतळे दाखवले, तारखाही सांगितल्या, पण एका बँकेच्या दारापाशी थांबून तो म्हणाला, की या उंबऱ्याखालून गरम वारा येतो, म्हणून थंडीत इथली जागा धरायला संध्याकाळी पाच वाजल्यापासून यावे लागे. त्यानंतर त्या रस्त्याकडे मी वेगळ्याच नजरेने पाहते.

तिसरी लीथची. लीथ हे एडिनबराचे बंदर पूर्वी स्वतंत्र नगर होते. 1920 साली त्याला एडिनबरात विलीन करायचे ठरले, तेव्हा लीथकरांनी मतदान करून प्रचंड बहुमताने नकार दिला, आणि तरीही विलीनीकरण झालेच. हद्दीवरच्या एका पबमधून दोन्ही नगरांची सीमा जात असे आणि दोन्हीकडे दारू बंद करण्याच्या वेळा वेगळ्या असल्यामुळे, एका बाजूची वेळ संपली की गिऱ्हाइके पेला उचलून दुसऱ्या बाजूला जात, असे तिथले म्हातारे अजून रंगवून सांगतात. कोणी ठाण्याला मुंबईचे उपनगर म्हटले की तुम्ही कसे भडकता, ते आठवून मला हसू आले. गाइडबाईंना ते सांगितल्यावर त्यांनी तुमच्यासाठी खास नमस्कार पाठवला आहे.

वादसभांबद्दल थोडक्यात. पाच वक्ते, पाच हारतुरे आणि शेवटी वेळेअभावी रद्द झालेली प्रश्नोत्तरे, असला परिसंवाद इथे मला दिसला नाही. विद्यापीठांतील संशोधकांनी एखादा अडचणीचा विचार मांडायचा आणि प्रेक्षकांनी त्यावर तुटून पडायचे, अशा बैठका महोत्सवात होतात आणि त्यांचे सूत्र बहुधा एखाद्या विनोदी नटाच्या हाती असते, त्यामुळे लांबण लावणाऱ्याची गय होत नाही. सगळ्यांत पेटलेला वाद मात्र मी एका पुतळ्याखाली ऐकला. सेंट अँड्र्यू चौकात उंच स्तंभावर हेन्री डंडास हा अठराव्या शतकातला राजकारणी उभा आहे. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा निर्णय त्याच्यामुळे लांबला, असे सांगणारा फलक 2021 साली तिथे बसवला; तो पुढे कोणी उखडला, नंतर पुन्हा बसवला गेला. फलकावरचा मजकूर न्याय्य आहे की नाही, यावर आमच्या फेरीतल्या दोन आजीबाईंची चांगलीच जुंपली. हाच डंडास लंडनला बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष होता, म्हणजे कंपनी सरकारची दोरी त्याच्या हाती होती, हे मी मध्येच सांगितले, तेव्हा दोघींनी मिळून मला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

यावरून तुमच्या फेरीबद्दल एक सुचवते. कोपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलाव, मग कारागृह, मग स्टेशन, आणि 1853 च्या पहिल्या आगगाडीची माहिती, हा मार्ग ठीक आहे, पण हे सगळे पाठ असलेला तुमच्यासारखा एकच माणूस पुढे आणि बाकीचे मान डोलावत मागे, असे करू नका. चेंदणी कोळीवाड्यात फेरी शिरली की बोलायचे काम तिथल्या एखाद्या कोळीणबाईंना द्या. खाडीत कोणती मासळी मिळत असे आणि आता का मिळत नाही, रूळ आले तेव्हा वाड्याचे काय झाले म्हणून घरात सांगतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? बोलण्याचा मोबदलाही त्यांना द्या, नुसती शाल-श्रीफळ नको.

कारागृहापाशी मात्र तुम्हीच बोला. 1910 साली तिथे फाशी गेलेल्या अनंत कान्हेरेंविषयी लोकांना माहीत असते, पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्याविषयी नसते. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाबद्दल पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्यांना पेशव्यांकडून मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या याच कारागृहात, कोंडले. तिथून 1816 साली ते निसटले, आणि खिडकीखाली घोडा फिरवता फिरवता पोवाड्याच्या चालीत सुटकेचा बेत गाणाऱ्या मोतद्दाराची कथा त्याला जोडली गेली. तो एल्फिन्स्टन याच एडिनबरातल्या शाळेत शिकला होता. ते गाणे कोणा तरुण शाहिराकडून भिंतीबाहेर उभे राहून गाऊन घ्या, आणि लगेच लोकांना विचारा, की त्रिंबकजी दोषी होते की बळी. पोलिसांची परवानगी आधी घ्यावी, कारण कारागृहाच्या भिंतीपाशी सुटकेची गाणी म्हणणाऱ्या जमावाकडे ते कौतुकाने पाहतील असे नाही.

संहितांची जाहिरात अजून छापायला गेली नसेल, तर त्यातले निवड समितीचे वाक्य काढून टाका आणि त्याऐवजी खोल्यांची यादी, खुर्च्यांची संख्या आणि पन्नास मिनिटांची अट तेवढी छापा. जे आधी येतील त्यांना जागा. बाहेरगावच्या मंडळींच्या राहण्याची सोय कट्ट्यावरच्या घरांत करता आली, तर भाड्याचा प्रश्नच उरणार नाही. आपल्या घरची पुढची खोली तर आहेच, फक्त ती देऊ करण्यापूर्वी काकूला विचारा. किती मंडळ्यांनी नावे दिली ते कळवावे.

काकूला साष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ असावा.

आपली आज्ञाधारक पुतणी