बंधाऱ्याआधी प्रवाह मोजा

महोदय,

किनाऱ्याची धूप दिसू लागली की बंधाऱ्याची मागणी होते, निधी मंजूर होतो आणि दगड पडू लागतात. तिथले पाणी वाळू कुठून आणते आणि कुठे नेते, हे मात्र क्वचितच तपासले जाते. माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

लाटा किनाऱ्यावर सहसा तिरप्या येतात. त्या फुटल्या की किनाऱ्याला समांतर प्रवाह तयार होतो आणि तो वाळू पुढे सरकवत राहतो. जेवढी जाते तेवढी मागून येते, म्हणून पुळण जागच्या जागी दिसते. या वाटेत आडवा बांध घातला की एका बाजूला वाळू साठते आणि दुसरी बाजू उपाशी राहते. चेन्नईत हे ढळढळीत दिसते. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर वर्षाचा हिशेब मांडला, तर वाळू उत्तरेकडे सरकते. 19व्या शतकाच्या अखेरीस तिथे बंदर झाले. दक्षिणेला मरीनाची पुळण रुंदावली आणि उत्तरेला रोयापुरमकडची जमीन समुद्राने खाल्ली. मग तिथेही दगड टाकावे लागले!

प्रवाहाची दिशा ऋतूनुसार बदलते. खवळलेल्या समुद्राच्या लाटा वाळू ओढून आत नेतात, शांत महिन्यांत तीच हळूहळू परतते. त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या मोजणीवर बेतलेला आराखडा फसतो. उभ्या भिंतीवर आपटून परतणारी लाट तर भिंतीच्याच पायथ्याची वाळू उकरते.

ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशी बांधलेल्या भिंतींमुळे न्यू साउथ वेल्समधली वाळू अडली आणि शेजारच्या क्वीन्सलँडच्या पुळणी झिजल्या. अखेर दोन्ही राज्यांनी मिळून 2001 पासून पंपाने ती वाळू नदीमुखापलीकडे पोचवायला सुरुवात केली. इंग्लंड-वेल्समध्ये वाळूच्या वाटेनुसार किनाऱ्याचे 11 मोठे विभाग पाडले असून व्यवस्थापन आराखडे त्यावर बेतले आहेत. प्रशासकीय हद्दींपेक्षा ही विभागणी मला कितीतरी शहाणपणाची वाटते.

प्रत्येक बंधाऱ्याच्या प्रस्तावाला लाटा, प्रवाह आणि वाळूची किमान एका पूर्ण वर्षाची मोजणी जोडणे सक्तीचे करावे. शेजारच्या गावाच्या किनाऱ्यावर काय परिणाम होईल, तेही त्यात लिहिलेले असावे आणि त्या गावाला ते काम सुरू होण्याआधी वाचायला मिळावे.

– एक वाचक