टेम्पीहून पत्र: निवडणूक लढवून जज झालेल्या बाई

टेम्पी, अॅरिझोना
रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, इथे जज निवडणुकीला उभे राहतात हे खरं का, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि लाइन कटली. म्हणून हे पत्र. खरं आहे. तशा एका बाईंचं घर आमच्या जवळच, पापागो पार्कात आहे. काल बाहेरून बघून आले.

आईला आवडेल ते घर. मातीच्या विटांचं. सँड्रा डे ओ'कॉनर आणि त्यांच्या नवऱ्याने भिंतींवर साय काढलेल्या दुधाचा हात फिरवला होता म्हणे! पूर्वी ते पॅराडाइज व्हॅलीत होतं. पाडायची वेळ आली, तेव्हा लोकांनी उचलून इथे आणून पुन्हा उभं केलं.

बाई 1952 मध्ये स्टॅनफर्डहून वकील झाल्या. फर्मवाले वकिलाची जागा देईनात. एका ठिकाणी टायपिंग येतं का म्हणून विचारलं. शेवटी कॅलिफोर्नियात एका काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) सरकारी वकिलाकडे बिनपगारी लागल्या, टेबल सेक्रेटरीच्या खोलीत. पुढे अॅरिझोनाच्या अॅटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या ऑफिसात नोकरी, 1969 मध्ये राज्याच्या सिनेटवर (विधिमंडळाचं वरचं सभागृह) नेमणूक, मग निवडून येऊन 1973 मध्ये तिथे बहुमतातल्या पक्षाच्या नेत्या. त्याआधी कुठल्याच राज्यात या जागी बाई नव्हती. एखादं विधेयक अडलं की दोन्ही पक्षांच्या लोकांना याच घरी बोलवायच्या, मेक्सिकन जेवण आणि बीअर.

आता तुमचा प्रश्न. 1974 मध्ये त्या निवडणूक लढवूनच मॅरिकोपा काउंटीच्या जज झाल्या. आणि त्याच वर्षी मतदारांनी इथल्या मोठ्या काउंट्यांतली ही पद्धत मोडीत काढली! आता समिती नावं सुचवते, गव्हर्नर नेमतो, मतदार अधूनमधून फक्त 'ठेवा' की 'काढा' सांगतात. पण बऱ्याच राज्यांत जजची निवडणूक अजून होते, प्रचाराला वर्गणीसुद्धा गोळा करतात. उद्या त्याच देणगीदाराची केस समोर आली तर? तुम्ही कोर्टात पक्षकाराचा चहासुद्धा घेत नव्हता, तुम्हाला हे पचायचं नाही. ओ'कॉनरबाईंनाही पचलं नाही. रिटायर झाल्यावर त्या याविरुद्ध गावोगाव बोलत फिरल्या. मला वाटतं, स्वतः त्या दारातून आत गेल्यामुळेच त्यांच्या बोलण्याला वजन होतं.

1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी त्यांना देशाच्या सुप्रीम कोर्टावर नेमलं, पहिली बाई. देशाच्या सिनेटमध्ये मतं पडली 99 विरुद्ध 0.

मुक्ताला जेएमएफसीच्या (न्यायाधीशाच्या परीक्षेच्या) अभ्यासातून उसंत मिळाली की एक गोष्ट सांगा. बाई लहानपणी वडिलांच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणावर राहायच्या. एकदा गडीमाणसांचं जेवण ट्रकमधून नेताना टायर बसला. घट्ट नट पान्यावर उड्या मारून सोडवले, चाक बदललं, पोचल्या. वडील शाबासकी देतील वाटलं, तर म्हणाले, लवकर निघायचं होतंस. बाबा, थेट तुम्हीच!

लोणचं पोचलं. तेल थोडं सांडलंय, पण बरणी शाबूत आहे.

तुमची,
सुमी