कचरा ठरतो तो आराखड्यातच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘वापरा आणि फेका’ प्रकारच्या वस्तूंच्या कचऱ्याची चर्चा निघाली, की ती बहुतेक वेळा ग्राहकाच्या बेशिस्तीपाशी येऊन थांबते. ग्राहकाने शिस्त पाळावी, हे योग्यच आहे. परंतु वस्तू किती काळ टिकेल, ती उघडता येईल की नाही आणि तिचा एक भाग निकामी झाला तर सगळीच टाकावी लागेल का, हे ती ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच ठरलेले असते. ज्यांनी ते ठरवले, त्यांना मात्र फारसे कोणी विचारत नाही, याची खंत वाटते.

शीतपेयाच्या कॅनवरची कडी पूर्वी ओढली की पूर्ण सुटून हातात येत असे. लोक ती जागीच टाकत आणि समुद्रकिनाऱ्यावर तिच्या धारदार कडेने अनवाणी पाय कापले जात. १९७५ मध्ये डॅनियल कुडझिक यांनी तयार केलेली, उघडल्यावरही झाकणाला जोडलेली राहणारी कडी बाजारात आली आणि हा कचरा हळूहळू नाहीसा झाला. त्यासाठी कोणालाही सवय बदलावी लागली नाही. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिकच्या पेयबाटल्यांची टोपणे बाटलीलाच जोडलेली असावीत, अशी सक्ती केली, ती याच विचाराने. उलट, त्याच १९७५ मध्ये बिक कंपनीने दांड्यासकट फेकून देण्याचा रेझर आणला. त्याआधीची सुमारे सत्तर वर्षे असंख्य लोक रेझरचे फक्त बोथट झालेले पाते बदलत होते आणि दांडा वर्षानुवर्षे वापरत होते.

दात घासण्याचा साधा ब्रश हातात घेऊन पाहावा. तीन-चार महिन्यांत झिजतात ते केवळ त्याचे तंतू. दांडा मात्र जसाच्या तसा असतो. तंतू सहसा नायलॉनचे, दांडा वेगळ्या प्लास्टिकचा, पकडीसाठी त्यावर रबरासारखा थर आणि तंतूंचे झुबके छिद्रांत पक्के बसवणारे धातूचे बारीक तुकडे, असे सारे एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असते, की ते वेगळे करण्याचा खर्च मिळणाऱ्या मालाहून जास्त होतो. अशी वस्तू ग्राहकाने कितीही काळजीपूर्वक सुक्या कचऱ्यात टाकली, तरी तिचा पुनर्वापर होण्याची शक्यता फार थोडी. केवळ वरचे टोक बदलता येणारे ब्रश तयार होतात, म्हणजे अडचण तंत्राची नाही.

विजेवर आणि बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. २०२२ मध्ये जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. बॅटरी गोंदाने चिकटवून टाकली, की ती दमल्यावर सुस्थितीतले उपकरणही निकालात निघते. फ्रान्सने २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक विक्रीच्या वेळीच दाखवणे बंधनकारक केले. खरेदीचा निर्णय होतो त्याच क्षणी ही माहिती समोर असते, म्हणून मला हा उपाय विशेष मोलाचा वाटतो.

इंजेक्शनची सुई किंवा जखमेवरची पट्टी एकदाच वापरायला हवी, याविषयी दुमत नाही. मात्र रोगसंसर्गाचे हे कारण पेन, चमचा किंवा लायटर यांना लागू होत नाही.

सवयींचे महत्त्व मी कमी लेखत नाही. रिफिल मिळत असताना संपूर्ण पेन टाकणारे आपणच असतो. सुटे भाग कोणी मागत नाही म्हणून दुकानदार ते ठेवत नाही, तो ठेवत नाही म्हणून कंपनी ते बनवणे थांबवते आणि पुढच्या आराखड्यात तो भाग बदलण्याची सोयच उरत नाही. खरेदी करताना “याचा सुटा भाग मिळेल का?” एवढे विचारण्याची सवय लागली, तरी या साखळीवर परिणाम होऊ शकेल.

आपल्याला एक विनंती आहे. नव्या उपकरणांची माहिती छापताना त्यांचा वेग, कॅमेरा आणि रंग यांबरोबर बॅटरी घरी बदलता येते का, आवरण स्क्रूने उघडते की गोंदाने बंद केलेले आहे आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, हेही प्रत्येक वेळी द्यावे. कंपनीने उत्तर दिले नाही, तर तसे स्पष्ट छापावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक