थांबायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

एमएस, म्हणजे सर्जरीची पदव्युत्तर पदवी, होऊन तालुक्याला बसलेल्या सर्जनला टेबलाच्या पलीकडे वरिष्ठ मिळत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेत पाहुणे सर्जन ऑपरेशन करतात, बाकीचे पडद्यावर बघतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. त्याने हात तयार होत नाही. म्हणूनच हल्ली जो तो मेंटॉर शोधतो आहे. तुम्ही ते काम मानधन न घेता केलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

दुर्बिणीतून पित्ताशय काढणं शिकवताना तुम्ही आधी केस निवडायला लावलीत: बारीक अंगाचा रुग्ण, मधूनमधून दुखणारे खडे, सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत 3 मिमीच्या आत, कावीळ नाही, मुख्य पित्तनलिका फुगलेली नाही. सुरुवातीला कॅमेरा तुमच्या हातात, मग तुम्ही नुसते शेजारी उभे, शेवटी फक्त फोनवर. ही पायरी ओलांडायची घाई तुम्ही कुणालाच करू दिली नाहीत.

खरी शाळा व्हिडिओची: आम्ही आमच्या ऑपरेशनचं चित्रण तुम्हाला दाखवायचं. रुग्णाची लेखी संमती हवी, नाव-नंबर पुसलेले हवेत, पण चित्रण अखंड हवं. कापून जोडलेल्यात नेमकी अडलेली जागाच गायब असते. तुम्ही आधी सर्जनचा डावा, पित्ताशय धरून ओढणारा हात बघायचात. हार्टमन्स पाउच (पित्ताशयाच्या मानेजवळचा फुगवटा) वर ओढला की सिस्टिक डक्ट (पित्ताशयाला मुख्य नलिकेशी जोडणारी नळी) मुख्य नलिकेच्या रेषेत येते, आणि मुख्य नलिकेलाच सिस्टिक समजून ती बंद करणारी क्लिप लागते. फंडस, म्हणजे पित्ताशयाचं टोक, उजव्या खांद्याकडे, पाउच रुग्णाच्या उजवीकडे आणि किंचित खाली. मग दोन नलिकांमधला कोन उघडतो. एवढी एक ओढ सुधारली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

क्लिपच्या आधी सगळ्यांनी हात थांबवायचे आणि सर्जन स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये मांडलेल्या तीन गोष्टी मोठ्याने म्हणायच्या: सिस्टिक डक्ट, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटा, पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना (सिस्टिक डक्ट आणि धमनी). पुढून बघा, मागूनही बघा. नर्सनाही हे पाठ झालंय, आणि त्या टोकतात!

तिन्ही दिसत नसतील तर? इथे बहुतेक जण 'अजून जरा' म्हणत रूव्हिएर सल्कसच्या (यकृतावरची खुणेची खाच) खाली उतरतात आणि नलिका दुखावते. तुमचं उत्तर ठरलेलं: खडे काढा, सबटोटल करा (पित्ताशयाचा थोडा भाग ठेवून बाकीचं काढा), ड्रेन (स्राव बाहेर नेणारी नळी) ठेवा, किंवा पोट उघडा. उघडलं म्हणून कुणी नापास होत नाही, हे वरिष्ठाने फोनवर सांगितलं की पटतं. पुस्तकात वाचून रात्री अकराला पटत नाही.

एक तक्रार मात्र आहे. भूलतज्ज्ञांसाठी अशी सोय आमच्या माहितीत अजून कुणी केलेली नाही, आणि तेही इतकेच एकटे असतात. तुमच्या ओळखीतले कुणी तयार होतील का, तेवढं विचाराल?

आपले,
तालुक्यातले विद्यार्थी सर्जन