ड्रेनचा खिसा शिवणाऱ्या नर्सताईंनो, आभार

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ड्रेनचा (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीचा) ते पाणी साठवणारा फुगा सांभाळायला कमरपट्ट्यावर कापडी खिसा शिवलात, त्याबद्दल मनापासून आभार. गाउनला पिनेने टोचलेला फुगा उठता-बसता हिसका देतो, टाके ओढले जातात. खिशात तो जखमेच्या खालच्या पातळीवर राहतो, नळीला पीळ पडत नाही. फुगा रिकामा केल्यावर दाबून हवा काढायची आणि दाबलेला असतानाच बूच लावायचं. नाहीतर पाणी खेचून घेणारी ओढ राहत नाही. ही सूचना खिशावरच लिहिलीत, फार बरं केलंत!

हाताची सूज मोजायच्या टेपवर मनगटापासून दर ४ सेंटीमीटरला खूण केलीत, त्यामुळे घेर दर वेळी त्याच जागी मोजता येतो. दोन्ही हातांत २ सेंटीमीटरचा फरक दिसला, की लिम्फेडेमासाठी (लसिका म्हणजे शरीरातला द्रव साचून हाताला येणाऱ्या सुजेसाठी) लगेच दाखवता येतं.